खोट्या बंदुकीची खरी बॅटरी

१९९१ साली जपानमध्ये दोन वस्तू बाजारात आल्या. पहिली सोनी कंपनीची लिथियम-आयन बॅटरी. तिने पुढे मोबाइल, लॅपटॉप, स्कूटर आणि मोटारी आपल्या कह्यात घेतल्या. तिच्या संशोधनाबद्दल अकिरा योशिनो, जॉन गुडइनफ आणि स्टॅन्ली व्हिटिंगहॅम या तिघांना २०१९ सालचं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. दुसरी वस्तू त्या मानाने अगदीच किरकोळ होती. तोक्यो मारुई या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकची एक बंदूक काढली होती. फ्रेंच सैन्याच्या फामास रायफलीची ती नक्कल. चाप ओढून धरला की आतली विजेची मोटार फिरायची आणि सहा मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे छर्रे सटासट सुटायचे.

एकाच देशात, एकाच वर्षी आलेल्या या दोन वस्तूंची गाठ पडायला मात्र जवळपास दीड दशक जावं लागलं. तोवर बंदुकीच्या पोटात निकेलच्या सेलचं राज्य होतं. त्या सेलनी ठरवून दिलेला ८.४ व्होल्टचा आकडा अशा बंदुकांनी खेळणाऱ्या हौशी मंडळींच्या डोक्यातून अजूनही गेलेला नाही.

या बंदुकांच्या खेळाचं नाव एअरसॉफ्ट. ती लुटुपुटूची लढाई, पण मोठ्यांची. पेंटबॉलमध्ये अंगावर रंगाचा डाग पडतो, इथे काहीच उमटत नाही. छर्रा लागला की लागलेल्यानेच हात वर करायचा, ओरडून सांगायचं आणि मैदानाबाहेर जायचं. सगळा खेळ प्रामाणिकपणावर चालतो, आणि तरीही चालतो, हे या खेळाचं खरं नवल. तोक्योशेजारच्या चिबा प्रांतात झाडीतली अशी कितीतरी मैदानं आहेत. रविवारी सकाळी एरवी कार्यालयात मान खाली घालून बसणारे गृहस्थ तिथे लष्करी गणवेश चढवून झुडपांत दबा धरतात.

हा खेळ जपानमध्येच का जन्मला, याचं उत्तर कायद्यात आहे. युद्ध हरलेल्या जपानमध्ये सामान्य माणसाला पिस्तूल बाळगणं अशक्य होतं. १९५८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. पण बंदुकीची ओढ कायद्याने थोडीच जाते? १९६० च्या दशकात सिनेमे पाहून वेडावलेल्या तरुणांसाठी धातूच्या हुबेहूब नकला निघाल्या. आपल्याकडे दिवाळीत टिकल्यांच्या बंदुका वाजतात तशाच त्याही फक्त वाजायच्या, बाहेर काही सुटत नसे. तरी समोरच्याला घाबरवायला तेवढं पुरेसं होतं. म्हणून १९७१ साली सरकारने धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजवणं आणि त्यांना पांढरा किंवा पिवळा रंग देणं सक्तीचं केलं. १९७७ साली नियम आणखी आवळले. पिवळ्या पिस्तुलाची हौस कोणाला असणार? कारखानदार प्लॅस्टिककडे वळले. प्लॅस्टिक हलकं आणि स्वस्त होतं, आणि त्याची बंदूक काळ्या रंगातही विकता येत होती. शिवाय ती स्प्रिंगच्या जोरावर एक छर्राही उडवू लागली.

स्प्रिंगची बंदूक दर वेळी हाताने खेचावी लागे. सलग मारा करायचा तर दुसरं काहीतरी हवं होतं. १९८० च्या दशकात ते काम वायूने केलं. वायू म्हणजे तेव्हा फ्रीऑन, शीतकपाटात असायचा तोच. खेळाडू पाठीवर टाकी बांधत आणि नळीने ती बंदुकीला जोडत. थंडीत टाकीतला दाब पडायचा, सलग मारा केला तरी पडायचा. त्यातच ओझोनच्या थराला भोक पडल्याच्या बातम्या आल्या. १९८७ साली माँट्रियल करार झाला आणि १९९५ च्या अखेरीपर्यंत श्रीमंत देशांनी अशा वायूंचं उत्पादन बंद करायचं ठरलं. मारुईने विजेची बंदूक बाजारात आणली ती नेमकी या घालमेलीत. वेळ साधली, असंच म्हणावं लागेल.

त्या बंदुकीची रचना एवढी सुटसुटीत होती की आजही जगभरातले कारखाने थोड्याफार फरकाने तीच वापरतात. मोटार तीन गिअर फिरवते. शेवटच्या गिअरला अर्ध्याच बाजूला दाते असतात. ते दाते पिस्टनच्या पट्टीत अडकून पिस्टन मागे खेचतात आणि स्प्रिंग दाबली जाते. दाते संपले की पिस्टन सुटतो, स्प्रिंग त्याला पुढे ढकलते, सिलिंडरमधली हवा छर्र्याला नळीबाहेर हाकलते. एवढ्यात गिअर फिरून पुन्हा दाते घेऊन हजर. हे सेकंदाला बारा-पंधरा वेळा घडतं.

बॅटरी निवडताना नेमकी इथेच गल्लत होते. नवख्या माणसाला वाटतं, जास्त व्होल्टची बॅटरी घातली की छर्रा जास्त जोरात जाईल. तसं होत नाही. छर्र्याचा जोर स्प्रिंग ठरवते. स्प्रिंग तीच असेल तर ८ व्होल्टवर आणि ११ व्होल्टवर छर्रा साधारण त्याच वेगाने बाहेर पडतो. बॅटरीने बदलतो तो पिस्टन मागे खेचण्याचा वेग, म्हणजे सेकंदाला किती छर्रे सुटणार आणि चाप ओढल्यावर पहिला छर्रा किती चटकन निघणार.

आता सेलकडे वळू. निकेल-कॅडमियमचा सेल १८९९ साली स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी शोधला. जपानमध्ये सान्यो कंपनी १९६० च्या दशकापासून 'कॅडनिका' या नावाने ते बनवत होती. पण बंदुकीकडे ते आले ते रिमोटच्या मोटारींच्या वाटेने. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली रिमोटवर चालणारी पोर्शे ९३४ काढली आणि त्या छंदाची लाट आली. बोटभर जाडीचे सहा सेल एकाला एक जोडून ७.२ व्होल्टचा पॅक करायचा, त्याला प्लॅस्टिकचा पांढरा कनेक्टर लावायचा, ही तिथली रूढी. बंदुकीने तो कनेक्टर जसाच्या तसा उचलला. जगभरच्या एअरसॉफ्टवाल्यांच्या तोंडी आजही त्याचं नाव 'तामिया' हेच आहे, मग बॅटरी चीनमधली असो की तैवानमधली. सेल मात्र एक वाढला. प्रत्येकी १.२ व्होल्टचे सात सेल म्हणजे ८.४ व्होल्ट. मारुईच्या मोटारी, गिअर आणि स्प्रिंग या आकड्याला बेतलेल्या होत्या.

दस्ता लांब आणि भरीव असेल तर त्यात मोठे सेल मावत. त्या पॅकची क्षमता १३०० मिलिअँपिअर-तास. दस्ता घडीचा असेल किंवा बंदूक आखूड असेल तर छोट्या सेलचा ६०० चा पॅक पुढच्या हातपकडीत कोंबावा लागे. जुना ठोकताळा असा, की एका मिलिअँपिअर-तासाला निदान एक छर्रा सुटतो. म्हणजे छोट्या पॅकवर सहाशेच्या आसपास. चाप दाबूनच धरला तर हे पाऊण मिनिटाचं काम. त्यामुळे १९९० च्या दशकातला खेळाडू खिशात दोन-तीन पॅक घेऊनच मैदानात उतरे. बंदूक निवडतानाही 'दस्ता कसला आहे' हा प्रश्न दिसण्याच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरला. एमपी-५ सारख्या आखूड बंदुकीची जाडजूड हातपकड लोकांना आवडली, ती आतल्या पॅकच्या सोयीमुळेसुद्धा. पुढे अमेरिकन सैनिकांच्या रायफलींवर लेझरची चौकोनी डबी दिसू लागली, तेव्हा खेळण्यांच्या कारखानदारांना आयतीच जागा सापडली. डबी खोटी, आत बॅटरी. सैन्यासाठी घडलेल्या वस्तूचा असा कपाट म्हणून उपयोग दुसऱ्या कुठल्या छंदाने केला नसेल.

निकेल-कॅडमियमचे नखरेही होते. अर्धवट वापरून पुन्हा चार्ज केला तर सेलला तेवढ्याच वापराची 'सवय' लागते, ही भीती सगळ्यांच्या मनात घट्ट बसली होती. तिच्यात तथ्य होतं, पण बोलबाला होता तेवढं नाही. तरी मारुईने बॅटरी रिकामी करण्याचं छोटं यंत्रही विकायला ठेवलं, आणि ते योग्यच होतं. कारण ज्यांच्याकडे ते नव्हतं ते मोटार पार थांबेपर्यंत चाप दाबून धरत. एका ओळीतल्या सात सेलपैकी सगळ्यात दुबळा आधी संपतो, आणि मग बाकीचे सहा त्याच्यातून उलटा प्रवाह रेटतात. सवय मोडायला गेलेल्यांचा असा सेलच मोडायचा.

कॅडमियमचं दुसरं दुखणं जपानला नव्याने सांगायची गरज नव्हती. तोयामा प्रांतात जिन्झू नदीकाठी खाणीतून वाहून आलेल्या कॅडमियमने शेती आणि पाणी विषारी केलं होतं. माणसांची हाडं ठिसूळ होऊन असह्य वेदना होत. त्या आजाराचं नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असं पडलं. १९६८ साली सरकारने त्याचं कारण अधिकृतपणे मान्य केलं. बॅटरीतल्या कॅडमियमवर प्रत्यक्ष घाला घातला तो युरोपने, २००६ च्या बॅटरीविषयक आदेशाने. तोवर निकेल-मेटल हायड्राइडचा सेल मैदानात आला होता. १९८९ च्या सुमारास तो बाजारात आला. आकार आणि व्होल्ट तेच, क्षमता मात्र बरीच जास्त, आणि कॅडमियम नाही. खेळाडूला काहीच बदलावं लागलं नाही. फक्त हा सेल पडून पडून आपोआप रिकामा व्हायचा. शनिवारी रात्री चार्ज करायला विसरलेल्याची रविवारी फजिती ठरलेली.

जपानबाहेर गोष्टीला वेगळं वळण लागलं. हाँगकाँग आणि तैवानच्या कारखान्यांनी मारुईचा गिअरबॉक्स बारकाईने उतरवला. अमेरिका-युरोपातल्या गिऱ्हाइकाला जोर हवा म्हणून त्यात दणकट स्प्रिंग घातली. दणकट स्प्रिंग ८.४ व्होल्टवर रडतरखडत मागे जाते. म्हणून तिथे आठ सेलचा ९.६ व्होल्टचा पॅक रूढ झाला, काहींनी १०.८ आणि १२ पर्यंत मजल मारली. सेल वाढले की पॅक लांबतो, आणि मग तो दस्त्यात मावत नाही. बॅटरीसाठी बंदुकीबाहेर पिशवी लटकवणारेही निघाले.

जपानमध्ये मात्र कायदा पुन्हा आडवा आला. २००५ साली जोर वाढवलेल्या अशा बंदुकांनी महामार्गावरच्या मोटारींवर छर्रे मारल्याच्या घटना घडल्या आणि देशभर ओरड झाली. २००६ साली कायदा बदलला. सहा मिलिमीटरच्या छर्र्याची ऊर्जा ०.९८ ज्यूलच्या वर जाता कामा नये, असं ठरलं. ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ९९ मीटर वेगाने गेला की ही मर्यादा गाठली. जास्त जोराची बंदूक नुसती घरात ठेवणंही गुन्हा ठरला. याचा परिणाम फारसा कोणाच्या ध्यानात येत नाही. स्प्रिंगची मर्यादा कायद्याने ठरल्यावर हौशी माणसाला खेळायला उरलं काय? वेग आणि तत्परता. म्हणजेच बॅटरी. ब्रिटनमध्येही कायद्याने जोराची मर्यादा आखली आहे, सलग मारा करणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल आणि एकेक छर्रा मारणारीला २.५.

२००६ च्याच सुमारास रिमोटची विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांकडून लिथियम-पॉलिमर पॅक एअरसॉफ्टकडे आला. पत्र्याच्या नळकांड्याऐवजी मऊ पाकीट, चिक्कीच्या वडीएवढं चपटं. एका सेलला ३.७ व्होल्ट. दोन सेलचे ७.४, तिनाचे ११.१. वजन कमी, आणि मागितला तेवढा प्रवाह क्षणात द्यायची तयारी. एके-४७ च्या वरच्या झाकणाखालची चिंचोळी जागा असो की घडीच्या दस्त्याची पोकळ नळी, जिथे निकेलचा पॅक कसाबसा शिरायचा तिथे हा सहज बसला.

सोनीच्या त्या १९९१ च्या बॅटरीची नातलग अशी अखेर बंदुकीत शिरली, आणि जुन्या बंदुकीला ती झेपेना.

आत काय होतं ते गिअरबॉक्स उघडल्यावर दिसतं. चापामागे तांब्याच्या दोन छोट्या पट्ट्या असतात. चाप ओढला की धातूची एक जीभ त्यांच्यामध्ये सरकते आणि मोटारीचा सगळा प्रवाह तिथून वाहतो. दर वेळी बारीक ठिणगी उडते. निकेलच्या पॅकवर त्या पट्ट्या वर्षानुवर्षं टिकत. ११.१ व्होल्टचा लिथियम पॅक लावून महिना-दोन महिने खेळलेल्या बंदुकीत त्याच पट्ट्यांच्या कडा खडबडीत झालेल्या आणि त्यांवर काजळी धरलेली आढळते. चाप ओढला तरी बंदूक गप्प राहते. दुसरा घात पिस्टनचा. गिअर इतका भरभर फिरतो की पिस्टन पुढे पोचायच्या आत दाते पुन्हा त्याच्यापाशी येऊन धडकतात. पट्टीचे प्लॅस्टिकचे दाते सोलून निघतात आणि उघडल्यावर हातात पांढरा भुगा येतो. तिसरं म्हणजे एकेक छर्रा मारायच्या खटक्यावर ठेवूनही दोन सुटतात, कारण मोटार वेळेत थांबत नाही.

उपाय निघाला तो मॉसफेट नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक खटक्याचा. चापाच्या पट्ट्यांतून नुसता इशारा जातो, खरा प्रवाह वाहतो तो चिपमधून. ठिणगी बंद. पुढे या चिपमध्ये बॅटरीचे व्होल्ट मोजून वेळीच बंदूक थांबवायची सोयही आली. मारुई स्वतः मात्र बराच काळ जुन्याच वाटेने चालली. २००७ साली धक्का देणाऱ्या नव्या पिढीच्या बंदुकांची मालिका एके-७४ ने सुरू झाली, तिच्यासाठीही कंपनीने दिला ८.४ व्होल्टचा, १३०० चा निकेल-मेटल हायड्राइड पॅकच. याला काहीजण सनातनीपणा म्हणतात. पण ज्या कंपनीची बंदूक दुकानातून घेऊन थेट मैदानात नेली तरी दगा देत नाही अशी ख्याती आहे, तिने ग्राहकाच्या हाती भडकणारं पाकीट द्यायची घाई केली नाही, हे शहाणपणाचंच होतं.

कारण ते पाकीट भडकतं. टोचलं गेलं, चेपलं, जास्त चार्ज झालं किंवा पार निथळून काढल्यावर पुन्हा चार्जला लावलं, तर फुगतं आणि पेट घेऊ शकतं. लिथियमच्या आगीचं रूप महाराष्ट्राने २०२२ च्या मार्चमध्ये पाहिलं. पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर जळतानाची चित्रफीत तेव्हा घरोघरी पोचली होती. त्या उन्हाळ्यातल्या अशा घटनांनंतर केंद्र सरकारने गाड्यांच्या बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले. बंदुकीचा पॅक स्कूटरच्या मानाने चिमुकला, पण तो असतो खेळाडूच्या गालाशी.

मधला मार्ग लिथियम-आयर्न-फॉस्फेटचा. गुडइनफ यांच्याच टेक्सासच्या प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात आलेलं हे रसायन सहसा भडकत नाही आणि टिकतंही जास्त. पण तीन सेलचे ९.९ व्होल्ट होतात, जागाही थोडी जास्त खातात. बंदुकांत ते रुळलं, पण मागेच राहिलं.

लिथियमच्या दोन सेलच्या पॅकला यश मिळालं त्यामागे एक गमतीदार योगायोग आहे. नावाला तो ७.४ व्होल्टचा, पण पुरता चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. दोन सेल म्हणजे ८.४. जुन्या निकेलच्या पॅकवर छापलेला आकडा तंतोतंत हाच. अर्थात निकेलचा पॅक नुकताच चार्ज केल्यावर ८.४ च्या वर असतो आणि भार पडताच खाली घसरतो, लिथियमचा फारसा घसरत नाही. म्हणून ७.४ चा पॅक जुन्या ८.४ पेक्षा किंचित चपळ वाटतो, पण बंदूक मोडत नाही. ९.६ वर चालणाऱ्या बंदुकीलाही तो बहुधा पुरतो.

तेव्हा निवडीचा प्रश्न वाटतो तेवढा अवघड नाही. कारखान्यातून आलेली, न उघडलेली बंदूक असेल तर ७.४ व्होल्टचा लिथियम पॅक. चार्जिंगची शिस्त पाळणं जमणार नसेल तर ८.४ चा निकेल-मेटल हायड्राइड, त्यात कमीपणा काही नाही. ११.१ व्होल्टला हात घालायचा तो मॉसफेट, मजबूत पिस्टन आणि चांगले गिअर बसवल्यावरच. पॅकवर लिहिलेला 'सी' हा आकडाही वाचावा; क्षमतेच्या किती पट प्रवाह मिळेल ते तो सांगतो. १३०० चा २० सी पॅक २६ अँपिअरपर्यंत प्रवाह देऊ शकतो, तोच ६०० चा असेल तर बाराच. मोटार सुरू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढते, तेव्हा हा फरक कळतो. पॅक विकत घेण्याआधी दस्त्यातली जागा पट्टीने मोजावी. वायरी आणि कनेक्टरलाही जागा लागते, हे दुकानात कोणी सांगत नाही.

आणि पैसे वाचवायचे असतील तर ते बंदुकीत वाचवावेत, चार्जरमध्ये नाही. प्रत्येक सेल वेगळा मोजून सारखा भरणारा बॅलन्स चार्जरच घ्यावा. एका सेलचे व्होल्ट तीनच्या खाली जाऊ देऊ नयेत, खेळ संपल्यावर पॅक बंदुकीतून काढावा आणि ठेवायचा तो सेलमागे ३.८ व्होल्टच्या आसपास, अर्धा भरलेला. फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावू नये.